आधी हातांनी

आमच्या गावात तीन भाषा चालायच्या. घरात आणि विहिरीवर आमची जुनी बोली, जिच्यात पोर्तुगीज शब्द मराठी वळणानं बोलले जातात. शाळेत आणि खाडीपलीकडच्या रेवदंड्याच्या बाजारात मराठी. आणि चर्चमध्ये लॅटिन, जी फादर सोडून कुणालाच येत नव्हती. आमच्या घरात चौथी एक होती. ती माझी थोरली बहीण तेरेझा बोलायची, हातांनी. आईला आम्ही माय म्हणायचो आणि वडिलांना पाय. शाळेत नव्यानं गेले तेव्हा "माझे पाय मुंबईला गेलेत" असं मी बाईंना सांगितलं आणि अख्खा वर्ग हसून लोळला. तेव्हापासून बाहेर बोलताना मी त्यांना बाबा म्हणते, इथेही तसंच लिहिते. घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते आहे, कारण ती बोली लिहायची कशी, हे मला कुणी शिकवलं नाही आणि आता या वयात मी शिकायचीही नाही.

बाबा गवंडी होते. मुंबईला इमारतींच्या कामावर असायचे आणि नाताळ, ईस्टर आणि गावची जत्रा एवढ्याला घरी यायचे. बाकी वर्षभर घर बायकांचं. माय, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, तेरेझा आणि मी. घराच्या मागे डोंगर, पुढे भाजीचा मळा आणि मळ्याच्या कडेला माडांची रांग. माय पहाटे मुळा, माठ, वांगी काढायची आणि टोपली डोक्यावर घेऊन होडीनं रेवदंड्याला विकायला जायची. दुपारी ती परत आली की आम्ही जेवायचो. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी नारळाच्या रसातली कोलंबी. मासळी असली की मोठा तुकडा तेरेझाच्या ताटात पडायचा. पेरू कापला की गोड फोड तिला. नाताळला दोघींना एकाच ताग्याचं कापड घेतलं तरी तिच्या फ्रॉकला लेस लागायची आणि माझ्या नाही. मला त्याचा राग यायचा असं म्हणायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर यायचा नाही. कारण मला माहीत होतं.

मला ते आत्यानं सांगितलं होतं, बोलण्याच्या ओघात, शेंगा सोलताना. आम्ही दोघी अगदी लहान असताना गावात ताप आला होता. दोघींनाही चढला. पाऊसकाळ, बाबा मुंबईला, खाडीवर तेव्हा पूल नाही. अलिबागच्या डॉक्टरकडे जायचं तर गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत चालायचं आणि पलीकडे उतरून पुन्हा तेच. होडीवाला म्हणाला, "बाय, खाडी बरी न्हाय. दोन पोरी घेऊन तू उभी तरी राशील का? एकीला घे." मला आकडी येत होती. तेरेझा नुसती निपचित पडलेली होती, हाक मारली की डोळे उघडत होती. मायनं मला उचललं. तेरेझा आत्याजवळ राहिली. माय मला बरं करून परत आली तेव्हा तेरेझाचाही ताप उतरला होता, ती अंगणात खेळत होती. मायनं फाटकातून हाक मारली. तेरेझानं वळून पाहिलं नाही.

"ती तुझ्याजागी गेली असती तर..." एवढं बोलून आत्यानं जीभ चावली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली. मी तिथेच बसून राहिले. मागच्या रस्त्यानं कुणाची तरी बैलगाडी चालली होती. चाकांची करकर मला स्पष्ट ऐकू येत होती आणि आपण हे ऐकतोय याचीच मला लाज वाटली. पुढे कित्येक वर्षं कोकीळ ओरडली, चर्चची घंटा वाजली, बाजूच्या घरी रेडिओ लागला, की पहिल्यांदा तेच वाटायचं. मी घंटा वाजली की पळत जाऊन तेरेझाच्या खांद्यावर टिचकी मारायचे. तिला वाटायचं मी खेळते आहे.

तेरेझाची बोली आम्ही घरच्यांनीच मिळून केली होती, बरीचशी तिनंच. बाबा म्हणजे हवेत थापी फिरवायची. मी म्हणजे वेणी ओढायची. फादर म्हणजे हनुवटीखाली लांब दाढी. आणि येशू म्हणजे एका तळव्याच्या मध्यावर दुसऱ्या हाताचं बोट टेकवायचं, खिळ्याच्या जागी. ही खूण तिला कुणी शिकवली नाही, वेदीवरचा क्रूस बघून तिनं स्वतः केली. तापाच्या आधीचा एकच शब्द तिच्या तोंडात उरला होता, 'माय', तोही जड, घशातून निघणारा. तो ऐकला की माय हातातलं काम टाकून जायची, पण तेरेझाच्या डोळ्यांत फार वेळ बघायची नाही.

मी शाळेत जरा रुळले त्या सुमारास चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिनमधून मराठीत आली. म्हाताऱ्या माणसांना ते आवडलं नाही. देवाशी बाजारातल्या भाषेत बोलायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. मायला मात्र फार आवडलं. बाबांनी मुंबईहून मराठी बायबल आणलं तेव्हा तिनं आधी हात धुतले, ओले हात लुगड्याला पुसले आणि मग ते हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ झाली की ती म्हणायची, "वाच, बेलू." मी चिमणीजवळ बसून वाचायचे. माझं नाव इझाबेल, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. आत्या ऐकता ऐकता डुलक्या घ्यायची. माय मात्र मान हलवत राहायची, मधेच थांबवायची, "काय म्हणाला? परत वाच." आणि वाचून झालं की दरवेळी म्हणायची, "एवढी वर्षं तो बोलत होता आणि आम्हाला कळत नव्हतं. आता कळतंय. उपकार त्याचे."

तेरेझा त्या वेळी माझ्यासमोर बसून माझ्या ओठांकडे बघत असायची. कधी ती पुस्तकावर हात ठेवायची, कधी पानातली चित्रं शोधायची, चित्रं नव्हतीच. मग कंटाळून उठून मांजराशी खेळायला जायची. मायची मान हलायची थांबायची. मी वाचत राहायचे.

मराठी वाचन कुणी करायचं हा फादरांपुढे प्रश्न होता. गावातली मोठी माणसं मराठी बोलायची, पण जोडाक्षरं आली की अडखळायची. शाळेतल्या बाईंनी माझं नाव सुचवलं. मी वेदीच्या बाजूला लाकडी खोक्यावर उभी राहून वाचायचे, कारण नाहीतर मी दिसत नसे. वाचन संपलं की सगळ्यांनी एका आवाजात देवाचे आभार मानायचे, त्याचा शब्द ऐकायला मिळाला म्हणून. त्या आवाजात मला मायचा आवाज वेगळा ओळखू यायचा. ती ते शब्द इतर बायकांपेक्षा थोडे उशिरा आणि थोडे मोठ्यानं म्हणायची.

त्या रविवारी पौलाच्या पत्रातला उतारा होता. मी आदल्या दिवशी सराव केला होता, पण माझं लक्ष जोडाक्षरांवर. वाचताना एका ओळीशी आले, विश्वास ऐकण्यानं येतो अशा अर्थाची, आणि सहज मान वर केली. माय पुढच्या बाकावर होती, तेरेझा तिच्या शेजारी, लेसचा फ्रॉक घालून. माय माझ्याकडे बघत होती. मी तिला जसं काही हातानं मारलंय तशी. मी पुढचं वाचून टाकलं. लोकांनी आभार मानले. मायचे ओठ हलले नाहीत.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, भात ठेवला, मासे साफ केले. सगळं नेहमीसारखं. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "ते ऐकण्याचं काय होतं, ते परत सांग."

"पुस्तकात बघून सांगू?"

"तोंडानं सांग. कळलं असेल ना तुला."

मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जिला ऐकूच येत नाही तिचं काय?"

"तसं नाही लिहिलेलं, माय."

"मग कसं लिहिलंय? कान बंद, तर देवाचं दारही बंद. आणि ते दार लावलं कुणी?" तिनं कोयता धुवायला घेतला. "मी त्याचे आभार मानायला बसले होते, बेलू. समजतं म्हणून रोज आभार मानत होते. लॅटिनच बरं होतं."

त्या संध्याकाळी रोझरी झाली आणि ती उठली. 'वाच' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायबल येशूच्या तसबिरीखाली फडताळात राहिलं. फादरांनी तेरेझाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, आधीच पुढे ढकललं होतं. धर्मशिक्षणाच्या प्रश्नांची उत्तरं तिला देता येत नव्हती, आणि काय घेतो आहोत ते समजल्याशिवाय कम्युनियन कसं द्यायचं, असं ते म्हणत. ते कठोर नव्हते, फक्त त्यांना सुचत नव्हतं. माझ्या वयाच्या मुलींचंही होऊन गेलं होतं, माझंही, आणि तेरेझा माझ्याहून मोठी असून बाकावरच बसून राहायची. माय आता त्यावरही काही बोलेना.

मला वाटायचं, ते वाक्य माझ्या आवाजात आलं. आधीच तिचे कान माझ्याकडे आले होते, वर मीच हे वाचून दाखवलं. आज कळतं की दहा वर्षांच्या मुलीनं स्वतःवर घ्यायच्या या गोष्टी नव्हेत. पण तेव्हा मी ते घेतलं होतं, आणि घेतलेलं ओझं कळलं म्हणून खाली ठेवता येतं असं नाही. माय मळ्यात गेली की मी फडताळातून पुस्तक काढायचे आणि बहिरं माणूस शोधायचे. कुठेतरी असेलच, असं मला वाटत होतं. आंधळे सापडले, पांगळे सापडले, कुष्ठरोगी सापडले. मग एका दुपारी मार्कच्या शुभवर्तमानात तो सापडला. ऐकू न येणारा, धड बोलता न येणारा एक माणूस, लोकांनी येशूकडे आणलेला.

मी तेरेझाला ओढत माडांखाली नेलं आणि तिला ती गोष्ट करून दाखवायला लागले. मीच येशू आणि मीच तो माणूस. आधी खूप लोक दाखवले. मग येशूनं त्याला हाताला धरून गर्दीतून बाजूला नेलं. त्याच्या कानांत बोटं घातली. थुंकून त्याच्या जिभेला हात लावला. वर आभाळाकडे बघितलं. मोठा उसासा टाकला. मग काहीतरी बोलला आणि त्या माणसाचे कान उघडले, तो बोलायला लागला. हे शेवटचं मी फार रंगवून केलं, टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या.

तेरेझानं मला थांबवलं. परत, अशी खूण केली. मी परत केलं. उसाशापाशी आले आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. पुढचं नको, म्हणाली. तिनं तळव्यावर बोट टेकवलं, येशू. मग स्वतःचे दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरून हलवले, आम्ही घरात तिच्याशी बोलतो तसे. येशू. हात. बोलला. तिनं ते तीन-चारदा केलं, मला कळत नाही असं वाटून चिडून केलं. मग मला कळलं. तो त्या माणसाशी आधी हातांनी बोलला होता. कान, जीभ, आभाळ, उसासा. त्याला कळेल असं. मी ती गोष्ट कितीदा वाचली होती आणि मला फक्त शेवटचा चमत्कार दिसला होता. तो माणूस बरा झाला हे मी तिला पुन्हा सांगू लागले तर तिनं हात झटकला. त्यात तिला फारसं काही वाटलं नाही.

मी काही म्हणायच्या आत ती घराकडे धावली. माय नुकतीच बाजारातून आली होती, टोपली उतरवून पाणी पीत होती. आत्या ओट्यावर बसलेली. तेरेझानं मायचा हात धरला आणि तिला आत्यापासून दूर, मागच्या पडवीत नेलं. मी मागून गेले. तिनं मायला समोर उभं केलं आणि तिच्या दोन्ही कानांत आपली बोटं घातली.

माय पांढरी पडली. तिला वाटलं, लेक तिला विचारते आहे, माझ्या कानांचं तू काय केलंस? ती मटकन खाली बसली. "काय म्हणते ही? बेलू, काय म्हणते?"

मी धावत जाऊन पुस्तक आणलं आणि तिथेच उभ्या उभ्या ती गोष्ट वाचली. तेरेझा प्रत्येक ओळीला खुणा करत होती, कधी माझ्या पुढे जात होती. वाचून झालं. मायनं पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाली, "तो बहिरा कसा झाला, ते लिहिलंय?"

"नाही."

"कुणाच्या चुकीनं?"

"नाही, माय."

"येशूनं विचारलं नाही? त्याच्या आईबद्दल? घरच्यांबद्दल?"

मी पुन्हा बघितलं, बोट फिरवत, एकेक शब्द. "काहीच विचारलं नाही त्यानं."

माय रडायला लागली. मी तिला रडताना ऐकलं होतं, स्वयंपाकघरातून, पाठमोरी. असं समोर बसून नाही. आणि मग तिनं जे कधीच केलं नव्हतं ते केलं. तेरेझाला समोर बसवून हातांनी सांगायला लागली. दोन पोरी, ही एवढी, ही एवढी. कपाळावर हात ठेवून, ताप. पाऊस. होडी. एकच. मग माझ्याकडे बोट, आणि दोन हातांनी मला उचलल्यासारखं. मग तेरेझाकडे बोट, आणि जमिनीवर ठेवल्यासारखं. तिच्या खुणा चुकत होत्या. मी मदत करायला पुढे झाले तर तिनं मला मागे सारलं.

तेरेझा बघत राहिली. तिला ते आठवत होतं. आम्हाला वाटायचं ती फार लहान होती. पण तिनं चिखलातून पाठमोरी जाणारी माय दाखवली, छातीशी मला धरलेली, अगदी बरोबर. मग तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि करंगळी वर केली. आमच्या घरात त्याचा अर्थ 'वाईट' असा होता. मांजरानं मासा पळवला की आम्ही ती खूण करायचो. ती मायकडे बघून पुन्हा विचारत होती, मी? वाईट?

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्या हातून काहीतरी घडलं म्हणून तिला ठेवून गेले आणि म्हणून कान गेले. काय घडलं ते तिला आठवत नव्हतं, आणि विचारायचं कसं, ते कळत नव्हतं. आणि आम्ही, रोज संध्याकाळी देवाचा शब्द वाचून त्याचे उपकार मानणारे, आम्ही या पोरीला एवढी एक साधी गोष्ट सांगितली नव्हती. मायनं तिची करंगळी मुठीत धरली. "न्हाय, न्हाय, न्हाय," ती म्हणत राहिली, तोंडानं, मानेनं, सगळ्या अंगानं. तेरेझाला हे ऐकू येत नव्हतं, पण ते तिला कळलं. ती रडली नाही. मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. आत्या भाकऱ्या गार होतायत म्हणून सांगायला आली आणि आम्हाला बघून परत गेली.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर माय तेरेझाला घेऊन फादरांकडे गेली. मीही होते. माय म्हणाली, "फादर, माझ्या पोरीला तुमचे प्रश्न येत नाहीत. तिला काय येतं ते बघा." तेरेझानं फादरांच्या कानांत बोटं घालून ती गोष्ट सांगितली. फादर दाढीवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "ऐकण्याचा तो पौलाचा उतारा मीच वाचायला दिला होता, बाई. हिचा विचार माझ्या मनात आला नाही. माझं चुकलं." फादरांसारख्या माणसानं असं म्हटलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. तेरेझाचं कम्युनियन नाताळला झालं आणि त्याच फादरांनी पुढच्या जूनमध्ये तिला मुंबईला सिस्टरांच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं.

मायनं पुन्हा 'वाच' म्हणायला सुरुवात केली. आता वाचून झालं की ती सांगायची, "तिला सांग," आणि तेरेझा सुट्टीत घरी असली की आम्ही हातांनी सांगायचो. कितीतरी गोष्टी तेव्हा मला पहिल्यांदा समजल्या, कारण हातांनी सांगायचं तर आधी नीट समजावं लागतं. मायचा सल मात्र गेला असं मी म्हणणार नाही. ती बरीच म्हातारी होऊन गेली आणि शेवटपर्यंत मोठा तुकडा तेरेझाच्याच ताटात वाढत होती. पण वाढताना आता तिच्या डोळ्यांत बघायची.

माझं विचारायचं मात्र राहून गेलं होतं. तेरेझा शिवणकाम शिकली, तिथल्याच एका न ऐकणाऱ्या माणसाशी लग्न केलं, नातवंडं झाली. रविवारी ती खुणांनी होणाऱ्या मिस्सेला जाते. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. सगळे हात इतक्या वेगानं चालले होते की मला निम्मं कळलं नाही, आणि तेरेझा मधूनमधून माझ्या खांद्यावर टिचकी मारून सावकाश सांगत होती.

गेल्या वर्षी ती गावी आली होती. आम्ही दोघी मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसलो होतो. मी हात धुतले आणि तिला विचारलं. त्या होडीत माझ्याऐवजी तू असायला हवी होतीस, असं तुला कधी वाटलं का? इतक्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. तिनंही कोलंबी खाली ठेवली, कारण ओल्या हातांनी ती बोलत नाही. पदराला हात पुसले. विचार केला. मग मान हलवली. हो. पुष्कळदा.

तिनं माझा गुडघा हलवला आणि मला विचारलं, आणि तू? तू राहिली असतीस का मागे?

मला रडू आवरेना. खोटं सांगावंसं वाटलं. पण तिच्यासमोर हातांनी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, नाही.

तिनं माझ्याकडे बघत मान डोलवली, बरोबर आहे अशी. मग माझा गाल थोपटला, आणि कोलंबीचं भांडं तिच्याकडून माझ्याकडे सरकवलं.